नऊ नंबरचा तंबाखू

९ जानेवारी १९६१, सोमवार

हिल्डाने नाताळात दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. लिहावं असं काही घडत नव्हतं. आज घडलं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याचं पत्र आलं, चारच ओळींचं. सीरियाचं धुरावलेलं पान यापुढे मिळणार नाही, सायप्रसचं हवं असल्यास कळवावे, आपला विश्वासू. ज्या पानावर आमचं दुकान साठ वर्षं चाललं त्याचा निकाल त्याने चार ओळींत लावला.

मागच्या खोलीत जाऊन शिल्लक गाठोडं उघडून पाहिलं. फार तर फार ईस्टरपर्यंत पुरेल. त्यानंतर नऊ नंबर बंद. आणि नऊ नंबर बंद म्हणजे सग्डनचं दुकान बंद, हे ओटली गावात कुणीही सांगेल. वहीत आमची एकवीस मिश्रणं आहेत, पण दहांतली सात गिऱ्हाइकं दारातून आत येतानाच 'नऊ' म्हणतात, पुढचं बोलत नाहीत.

बाबांना जाऊन दोन महिने झाले. चोवीस वर्षं मी पुढे काउंटरवर उभा राहिलो आणि ते मागे बसून मिश्रणं करत राहिले. मला पानाला हात लावू दिला नाही. "विल्फ, तुझी जीभ उतावळी आहे," एवढंच म्हणायचे. आता मी सेहेचाळीस वर्षांचा आहे, जिभेला अजून किती मुरायला हवं होतं ते विचारायचं राहून गेलं. वहीतली प्रमाणं बघून मिसळता मलाही येतं, पण पानच बदललं तर वही काय कामाची?

तरी ठरवलं आहे. सायप्रसच्या पानातून मी नऊ नंबर उभा करणार, ईस्टरच्या आत, आणि असा की कुणाला संशयसुद्धा येणार नाही. हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या पाय मागे घेता येणार नाही.

१४ जानेवारी, शनिवार

सायप्रसचं पान आलं. काळंभोर, हाताला जरा चिकट. वास नव्या खोगिरासारखा, मागे किंचित गोडवा. आमच्या सीरियाच्या पानाला आंबटसर वाइनची झाक असते, ती इथे नाही. ती कुठून तरी आणावी लागेल. व्हर्जिनियाचं पिवळं पान कमी केलं, मॅसिडोनियाचं बारीक सुगंधी पान वाढवलं. हा पहिला नमुना.

चाखायला बाबांचाच पाइप घेतला. ब्रायरच्या लाकडाचा, काळा पडलेला, तोंडाशी त्यांच्या दातांच्या खुणा. तीस वर्षं त्यात नऊ नंबरखेरीज दुसरं काही जळलेलं नाही. नऊ नंबर पारखायचा तर त्याच्याच घरात पारखावा, असा माझा विचार. बाबा स्वतः नमुन्यांसाठी पेनी-पेनीचे मातीचे पाइप वापरायचे, दर नमुन्याला कोरा. फार काटकसरी माणूस. चांगला पाइप कामात झिजवायचा नाही असा हिशेब असणार. ते गेल्यावर टेबलाखाली तसले चाळीस पाइप निघाले, ते मी चर्चच्या मुलांना साबणाचे फुगे उडवायला देऊन टाकले.

पाइप पेटवला, त्यांच्या खुर्चीत बसलो. पहिले चार झुरके सायप्रसचे, मग हळूहळू नऊ नंबर आला. शंभर टक्के नव्हे, पण ओळखीचा. मी उठून उभाच राहिलो. पहिल्याच फटक्यात!

२२ जानेवारी, रविवार

आठवड्यात पाच नमुने झाले. पाचही चांगले. तिसऱ्यात सायप्रसचं पान दुप्पट पडलं होतं, चुकून, तोही शेवटी-शेवटी नऊ नंबरवरच येऊन पोचला. इतकी वर्षं दार लावून बाबा मागे काय करत होते कुणास ठाऊक. मला वाटायचं हे काम म्हणजे काही मोठी विद्या आहे.

हिल्डाला सांगितलं. ती तंबाखू ओढत नाही, पण वीस वर्षं या घरातले कोट झटकून वाळत घालते आहे. म्हणाली, पाइप तोंडात असताना बाबांचा वास येतो खरा, पण कोटाला दुसऱ्या दिवशी तो येत नाही, भलताच येतो. तिला समजावलं की ताजं मिश्रण कोटात असंच बसतं, मुरायला वेळ लागतो. ती बटाटे सोलत राहिली.

संध्याकाळी उगाचच बाबांच्या खुर्चीत बसून आणखी एक पाइप ओढला. नमुना वगैरे काही नव्हता. त्यांची आठवण येत होती एवढंच.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

चौथा आणि सातवा नमुना यांत फरक सांगता येईना. याचा अर्थ मी मुक्कामाजवळ आलो आहे. जीभ एकदा नेमक्या जागी पोचली की ती तिथेच येऊन थांबते.

आता दुसऱ्या माणसाचा कौल घ्यायला हवा, आणि तो माणूस ओटलीत एकच. टायटसकाका. टायटस हेग, रेल्वेचा निवृत्त सिग्नलवाला, ऐंशी ओलांडलेला, बाबांचा पन्नास वर्षांचा दोस्त, त्यांना नुसतं एझ्रा म्हणणारा. दर शुक्रवारी बाजार करून येतो, स्टोव्हजवळच्या स्टुलावर बसतो, नऊ नंबर ओढतो आणि गावाबद्दल वाईट बोलतो. बाजारातला प्रत्येक पाइपवाला त्याच्या तोंडाकडे बघून आपलं मत ठरवतो. टायटसकाका हो म्हणाला की काम झालं.

आज विचारायचा धीर झाला नाही. आणखी दोन आठवडे नमुना डब्यात मुरू देतो.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

टायटसकाका आला तो कुरकुरतच. बसच्या पायरीवर त्याच्या पाइपाची नळी मोडली होती. मला आयतीच संधी मिळाली. म्हटलं, काका, नवा नमुना आहे, बघा तरी. आणि बाबांचा पाइप भरून त्याच्या हातात दिला. त्याने पाइप ओळखला. अंगठ्याने कड चोळली, बराच वेळ पेटवलाच नाही.

मग पेटवला. मी काउंटरवर उगाच तागडी पुसत राहिलो. अर्धा तास तो एक शब्द बोलला नाही. गावाबद्दलसुद्धा नाही. शेवटी टोपी काढली, टोपीनेच डोळे पुसले आणि म्हणाला, "एझ्रा आहे हा. अगदी एझ्रा."

मला पुढे काही दिसेना. पाणी प्यायचं निमित्त करून मागे गेलो.

दुकान बंद केल्यावर लगेच कामाला लागलो. साठ पौंड मिश्रण करायला घेतलं. मॅसिडोनियाचं तीन वर्षं मुरवलेलं पान, बाबांनी बाजूला ठेवलेलं, सगळंच्या सगळं घातलं. हिल्डा दारात येऊन म्हणाली, थोडं मागे ठेव, विल्फ, सगळी अंडी एका टोपलीत कशाला? मी म्हटलं, टायटसकाका रडला, यापुढे काय हवं? एकदा मिसळलेलं पान परत वेगळं करता येत नाही हे मला कळतं. पण भीत-भीत केलेलं काम बाबांनाही आवडायचं नाही.

६ मार्च, सोमवार

आजपासून नवा नऊ नंबर जुन्याच लेबलाखाली विकायला सुरुवात. कुणालाही काही सांगितलं नाही. अकरा डबे गेले. सीरियाचं पान अंदाजाआधीच संपलं, जुन्या नऊ नंबरचं चिमूटभर तेवढं बाजूला ठेवलं आहे, गरज पडणार नाही.

हिल्डाने एकदा विचारलं, लोकांना सांगायला नको का? मी म्हटलं, तोच तंबाखू आहे तर काय सांगायचं.

१७ मार्च, शुक्रवार

या आठवड्यात सहा डबे परत आले. कुणी म्हणालं ओलसर आहे, कुणी म्हणालं जीभ भाजते, शाळेचे मास्तर तर म्हणाले, मिस्टर सग्डन, काहीतरी सांडलंय का यात. प्रत्येकाला शांतपणे सांगितलं की हवा दमट आहे, डबा उघडा ठेवा.

मग टायटसकाका आला. स्टुलावर बसला नाही. डबा काउंटरवर ठेवला.

"हे काय दिलंस मला?"

मी म्हटलं, जे त्या दिवशी ओढलंत तेच.

"त्या दिवशी मी इथे एझ्राजवळ बसलो होतो. घरी डबा उघडला तर आत एझ्रा नाही. ओल्या गोणपाटाचा धूर आहे."

मी म्हटलं, काका, त्याच पिंपातलं आहे, देवाशपथ. पाइप नवा घेतलात ना? नव्या पाइपाला तोंड बसायला वेळ लागतो.

"पोरा, तू जन्मायच्या आधीपासून मी नवे पाइप वापरतोय." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतली छडी आठवली. "तुझ्या बापाने मला पन्नास वर्षांत काहीही विकलं असेल, पण खोटं नाही विकलं. मी इल्कलीला बसने जाईन यापुढे. तिथला तंबाखू वाईट आहे, पण तो वाईट आहे असं सांगून देतात."

डबा तिथेच टाकून गेला. दुकानात आणखी तिघं होते. सगळ्यांनी ऐकलं.

२५ मार्च, शनिवार

या आठवड्यात नऊ नंबरचे चार डबे विकले, नऊ परत आले. म्हणजे विकण्यापेक्षा आमचा परत घेण्याचा धंदा बरा चालला आहे.

मी रोज चाखतो. बाबांच्या पाइपात भरतो आणि रोज तोच नऊ नंबर लागतो. मी काही वेडा नाही. एक तर सगळ्या गावाची जीभ एकदम बिघडली असेल, नाहीतर टायटसकाकाने लोकांचे कान भरले असतील. म्हातारी माणसं हट्टी असतात, एकदा नाही म्हटलं की स्वतःच्या जिभेलाही जुमानत नाहीत. हिल्डाला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." मी जेवण तसंच टाकून उठलो. नंतर भूक लागली म्हणून परत आलो, तिने ताट झाकून ठेवलं होतं.

माघार घेणार नाही. बाबा गेल्यावर सहा महिन्यांत दुकान बुडवलं, असं कुणी म्हणता कामा नये. मला या जागेवर बसता येतं, हे मी दाखवून देईन. कसं ते ठाऊक नाही.

२ एप्रिल, ईस्टरचा रविवार

हिल्डाच्या भावाकडे, सिरिलकडे जेवायला गेलो. मटण उत्तम होतं. जेवणानंतर माझा तंबाखूचा बटवा रिकामा निघाला, घाईत भरायला विसरलो. सिरिलने स्वतःचा पुढे केला. सिरिलचा तंबाखू म्हणजे चेरीचा मुरंबा. बायकांना वास आवडतो म्हणून घेतो म्हणे. मी नाइलाजाने बाबांच्या पाइपात भरला.

वरचा अर्धा पाइप मुरंबाच होता. मग खाली-खाली जाताना मुरंबा मागे हटला आणि ओळखीचं काही आलं. आंबटसर वाइन, जळका ओक. नऊ नंबर.

सिरिल फुटबॉलबद्दल काहीतरी सांगत होता. मी हो-हो करत होतो. हातातला पाइप गरम होता आणि मला पाठीत थंडी वाजत होती.

३ एप्रिल, सोमवार

सुट्टी. हिल्डा बहिणीकडे गेली होती. मी चहाची किटली उपडी केली, चोथा स्टोव्हवर सुकवला, चुरला आणि बाबांच्या पाइपात भरला. चहा. दुसरं काही नाही. युद्धात लोक ओढायचे, खोकून-खोकून बेजार व्हायचे.

मीही खोकलो. पण त्या खोकल्याच्या मागे, तळाशी, नऊ नंबर होता.

म्हणजे जानेवारीपासून मी तंबाखू चाखतच नव्हतो. मी पाइप चाखत होतो. तीस वर्षांच्या काजळीचा थर आहे आत, नाण्याइतका जाड. त्यात गवत भरलं असतं तरी बाबा लागले असते. टायटसकाकाही तंबाखूवर रडला नाही, तो पाइपावर रडला, आणि मी तो पाइप त्याच्या हातात दिला. बाबांचे मातीचे पाइप काटकसरीचे नव्हते. माती कशाचीही चव धरून ठेवत नाही, खरं तेच सांगते. आणि मी ते फुगे उडवायला दिले.

सगळ्यांत लाज याची वाटते की हे मला ठाऊक होतं. चोवीस वर्षं प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मीच सांगत आलो आहे की साहेब, एका पाइपात दोन तंबाखू नका ओढू, पहिल्याची चव जात नाही. तोंडपाठ आहे. तेच मला तीन महिने सुचलं नाही. सुचू दिलं नाही, असंच म्हणायला हवं. रोज संध्याकाळी दहा मिनिटं ते खुर्चीत माझ्याबरोबर असायचे.

हिल्डा परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलो होतो, टेबलावर चहाची राख. तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. पण तुझ्या हातातून तो पाइप काढून घ्यायचा माझा जीव झाला नाही." मी रडलो. बाबांच्या अंत्ययात्रेत रडायचं राहिलं होतं.

४ एप्रिल, मंगळवार

पहाटे उठून दुकानाच्या काचेत पाटी लावली. माझ्याच हातची, मोठ्या अक्षरात. 'सीरियाचं पान संपलं. नऊ नंबर संपला. सहा मार्चपासून जो विकला तो नऊ नंबर नव्हता. ज्यांनी घेतला त्यांनी डबा आणावा, पैसे परत मिळतील. डब्ल्यू. सग्डन.'

हिल्डा म्हणाली, शेवटचं वाक्य पुरे होतं, पहिली तीन कशाला? मी म्हटलं, पहिली तीनच माझी आहेत, शेवटचं दुकानाचं.

दिवसभर लोक काचेसमोर थांबून वाचत होते. काही आत आले. शाळेच्या मास्तरांनी हात मिळवला, पण घेतलं काही नाही. टायटसकाका रस्त्याच्या पलीकडून वाचून गेला.

मग मातीचे पाइप पैदा केले. चर्चच्या बाईंनी साबणाचा फेस धुऊन बारा परत दिले, बाकीचे फुटले म्हणाल्या. आणखी कोरे मागवले आहेत. एकात ते साठ पौंडांचं मिश्रण पहिल्यांदा चाखलं. ओलं गोणपाट. टायटसकाकाने नेमकं सांगितलं होतं, शब्दसुद्धा वेगळा शोधावा लागला नाही.

बाबांचा पाइप खरवडणार नाही. तेवढं धैर्य नाही आणि गरजही नाही. पण तो कामाच्या खोलीत पुन्हा येणार नाही. वर, झोपायच्या खोलीत ठेवला.

२१ एप्रिल, शुक्रवार

मातीचा पाइप म्हणजे शिक्षा आहे. ओठ भाजतात, बोटं भाजतात आणि वर खरं बोलतो. सतरा नमुने झाले. आता प्रत्येक वेगळा लागतो, हीच काय ती प्रगती. कडू, तिखट, फिका, साबणासारखा (हा बहुधा पाइपाचा दोष).

जुन्या नऊ नंबरचं चिमूटभर उरलं आहे, ते कोऱ्या मातीत ओढलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी नऊ नंबर नीट चाखला. मी समजत होतो त्याहून तो साधा होता. आंबट, सरळ, थोडा कडक. बाबांसारखाच. सायप्रसच्या पानातून तो कधीच निघणार नाही. खोगिरातून वाइन पिळण्याचा खटाटोप होता माझा.

मग काय करायचं? सोपा मार्ग म्हणजे दुकान सिरिलच्या मित्राला विकणं, तो वर्तमानपत्रं आणि चॉकलेटं ठेवेल. हिल्डाने हा विषय काढला नाही. तिने काढला असता तर कदाचित मी हो म्हटलं असतं. आज रात्रीपुरतं लिहून ठेवतो, नाही.

१० जून, शनिवार

सात आठवडे लिहिलं नाही, लिहिण्यासारखं अपयशच होतं. आज थोडं वेगळं.

आतापर्यंत मी सायप्रसच्या पानाला दाबत होतो, त्याचा गोडवा लपवत होतो. आज उलट केलं. ज्याचा स्वभाव गोड आहे त्याला गोड राहू दिलं, आणि मागे व्हर्जिनियाचं जुनं, तपकिरी पान घातलं, दाबून वड्या केलेलं. मॅसिडोनियाचं अगदी चवीपुरतं. मातीच्या पाइपात पेटवला. ओठ भाजले तरी पाइप खाली ठेवावासा वाटला नाही. पिकल्या अंजिरासारखं काही, आणि शेवटी धूर, शेकोटी विझल्यावर अंगणात राहतो तसा. नऊ नंबरशी त्याचं दूरचंही नातं नाही.

रात्री हिल्डाने माझा कोट उचलला, नाकाशी धरला आणि परत खुंटीवर लावला. खिडकीबाहेर नाही टांगला. मी विचारलं काय? ती म्हणाली, राहू दे आत.

१५ जुलै, शनिवार

त्या साठ पौंडांतलं जमेल तेवढं नव्या मिश्रणात जिरवलं, बाकी फेकलं. बाबांचं तीन वर्षांचं पान होतं त्यात. फेकताना जीव तुटला. नवं मिश्रण दाबयंत्राखाली घातलं आणि डब्यांत बंद केलं. ऑक्टोबरच्या आधी उघडू देणार नाही, असं हिल्डाकडून वदवून घेतलं, म्हणजे तिने मला अडवावं. उतावळ्या जिभेला कुलूप दुसऱ्याच्या हातात हवं.

विक्री नावापुरती आहे. पोटापुरतं इतर मिश्रणांवर आणि सिगारेटवर चाललं आहे. शुक्रवारी स्टूल रिकामं असतं. टायटसकाका इल्कलीच्या बसची वाट बघत समोरच उभा असतो, आमच्याकडे पाठ करून. मी कधी हात करतो, पाठीला काय दिसणार.

आज वहीत नऊ नंबरच्या पानावर रेघ मारली. आमच्याकडची रीत आहे, मिश्रण बंद झालं की त्यावर एक रेघ आणि तारीख. आजोबांच्या हातच्या दोन रेघा आहेत, बाबांच्या हातची एक. मग नवं पान उघडून बावीस नंबर लिहिलं. माझ्या अक्षरातलं वहीतलं पहिलं पान.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी हिल्डाने स्वतः पहिला डबा उघडला. मी मागे उभा होतो. ती नाकाजवळ नेऊन बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "आता पुढे ने."

काचेत नवी पाटी लावली. 'बावीस नंबर. सायप्रसच्या पानाचा. नवा.' बाजारचा दिवस, दुकानात पाच-सहा माणसं. कुणी घेतला, कुणी नुसता वास घेऊन ठेवला. मास्तरांनी एक औंस घेतला, बघू म्हणाले.

अकराच्या सुमाराला दार उघडलं आणि टायटसकाका आत आला. सात महिन्यांनी. खाली वाकलेला, काठी घेऊन. तो स्टुलापर्यंत गेला, बसला आणि म्हणाला, इल्कलीची बस चुकली. त्याच्यामागे काचेतून मला बस उभी असलेली दिसत होती.

मी कोरा मातीचा पाइप काढला, बावीस नंबर भरला आणि दिला. म्हटलं, काका, हा नऊ नंबर नाही. त्याचा प्रयत्नही नाही. हा माझा आहे.

त्याने पेटवला. मी या वेळी तागडी पुसली नाही, समोर उभा राहिलो. तो ओढत होता आणि मधूनच खिडकीबाहेर बघत होता. बस निघून गेली. पाइप संपला, त्याने राख ठोकून पाडली, राखेकडे बघितलं.

"एझ्रा नाही हा."

मी म्हटलं, नाही.

"गोड आहे. मला गोड आवडत नाही."

मी म्हटलं, बरं.

"आणि मागे काहीतरी आहे. काय आहे ते?"

मी म्हटलं, ते मलाही अजून नीट सांगता येत नाही.

तो मग काठीवर भार देऊन उठला, काउंटरपाशी आला, बाकीच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"नव्या तंबाखूची सवय व्हायला मला दोन वर्षं लागतात," तो म्हणाला. "मला एक्याऐंशी संपत आली. आजपासूनच सुरुवात करायला हवी. अर्धा पौंड दे."

मी अर्धा पौंड तोलला. तागडीत थोडा जास्तच पडला. मी तो काढला नाही.